चाळिशीचं सांबर: इंदूरच्या एका शिकारी हट्टामागची गोष्ट

इंदूरच्या आग्नेयेला राळामंडळची टेकडी आहे. माथ्यावर होळकरांच्या काळातली शिकारगाहची इमारत उभी आहे. 1989 मध्ये ही टेकडी अभयारण्य झाली आणि आता तिथे शाळांच्या सहली जातात, रविवारी सकाळी हौशी मंडळी दमछाक करत वर चढतात. ही इमारत कशासाठी बांधली असेल, असा प्रश्न फार थोड्यांना पडतो. शहराच्या इतक्या जवळ राजाला शिकारीसाठी खास वास्तू लागत होती, म्हणजे तेव्हा जंगल शहराच्या उंबऱ्याशी होतं आणि शिकार हा दरबारी कामकाजाचाच एक भाग होता.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण रामबागेतले आमचे वकीलसाहेब. ते गेले तेव्हा तेराव्याला जमलेल्या नातवंडांचं लक्ष बैठकीतल्या भिंतीकडे गेलं. सागवानी ढालीवर सांबराच्या शिंगांची जोडी बसवलेली आहे. कोणी मारलं, कधी मारलं, घरात ठेवली तर पोलीस येतील का, असे एकामागून एक प्रश्न सुरू झाले. मी त्यांच्याबरोबर जंगलात हिंडलेला, आणि त्या घोळक्यातला आता एकटाच उरलेला. उत्तरं माझ्याकडेच मागितली गेली. पण त्या शिंगांची हकिगत तेवढीच सांगितली तर पोरांना काही कळणार नाही. एक शहाणासुरता, कोर्टात मोजून बोलणारा माणूस एका हरणाच्या शिंगांच्या इंचांमागे वर्षानुवर्षं का लागतो, हे समजायला आधी बरंच मागे जावं लागतं.

माळव्यात मराठी संस्थानं दाटीवाटीनं होती. इंदूरला होळकर, देवासला पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पात्या, धारला पुन्हा पवार. प्रत्येकाची राखीव जंगलं, प्रत्येकाचे शिकारी. पाहुणा इंग्रज असला की हाका, म्हणजे आरडाओरड करत जनावरं शिकाऱ्यापुढे हाकलणं, ठरलेला. हाक्याला माणसं आजूबाजूच्या गावांतून यायची, आणि ती आपखुशीनं येत होती असं कोणी सांगत असेल तर त्यानं वेठबिगार हा शब्द ऐकलेला नाही. राखीव जंगलातलं सांबर रात्री शेतात उतरून हरभरा फस्त करी आणि शेतकऱ्याला त्याच्यावर हात उगारता येत नसे. आमच्या घरांतून संस्थानी शिकारीच्या ज्या सुरस गोष्टी सांगितल्या जातात, त्यांत हा शेतकरी कुठेच नसतो.

होळकरांच्या मुलखाला निसर्गानं शिकारीची जागाही नेमकी दिली होती. माळव्याचं पठार संपतं, विंध्याचा कडा खाली नर्मदेकडे उतरतो, आणि त्या उतारावर सागाचं, अंजनाचं, मोहाचं जंगल. दुसऱ्या तुकोजीरावांनी एक कोटीचं कर्ज देऊन इंग्रजांकडून खंडवा-इंदूर रेल्वे करवली. 1870 च्या दशकात ती धावू लागली आणि पाताळपाणी, कालाकुंड, चोरल ही उतारावरची ठिकाणं शहरापासून काही तासांवर आली. पुढे आमच्यासारख्यांनाही याच छोट्या गाडीचा आधार झाला. पूर्वेकडे बागली, पुंजापुरा, कन्नौद, नेमावरचा पट्टा मात्र रस्त्यानंच गाठावा लागे. सांबर जास्त तिकडेच.

आता इंचांविषयी. जनावर मारणं एक आणि त्याची मोजणी ठेवणं दुसरं. मोजणीचं वेड विलायतेहून आलं. लंडनच्या रोलंड वॉर्ड या, मारलेल्या जनावरांत पेंढा भरणाऱ्या कारागिरानं 1892 मध्ये जगभरच्या मोठ्या शिकारींच्या मापांची नोंदवही छापली, आणि तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या. कोणाचं सांबर किती इंचांचं, कोणत्या मुलखातलं, कोणी मारलं, हे सगळं कायमचं छापील झालं. मध्य भारतातली, नर्मदा-तापीच्या खोऱ्यांतली सांबरं शिंगांसाठी नावाजलेली होती, त्यामुळे आमच्याकडच्या राजेरजवाड्यांना आणि साहेबांना हा खेळ घरबसल्या मिळाला. वाघाच्या मापात तरी भांडणाला जागा होती. कोणी खुंट्या ठोकून सरळ रेषेत मोजे, कोणी पाठीच्या वळणावरून पट्टी फिरवून चार-सहा इंच पदरात पाडून घेई. सांबराचं तसं नाही. शिंगाच्या बुडाच्या कड्यापासून बाहेरच्या वळणावरून सगळ्यात लांब टोकापर्यंत पोलादी पट्टी लावायची. मग घेर, मग दोन शिंगांमधलं अंतर. छत्तीस इंच म्हणजे चांगलं. चाळीस ओलांडलं की माणसाचं नाव क्लबात निघायचं.

वकीलसाहेब या परंपरेच्या अगदी शेवटच्या पायरीवर उभे होते. ते ना सरदार, ना मानकरी. 28 मे 1948 ला मध्य भारत संघ झाला, संस्थानी जंगलं सरकारी वनखात्याकडे गेली, आणि जे राजाच्या आमंत्रणावाचून शक्य नव्हतं ते परवान्याच्या कागदावर शक्य झालं. 1956 मध्ये मध्य प्रदेश झाल्यावर हीच व्यवस्था पुढे चालली. जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले. डीएफओकडे, म्हणजे विभागीय वनाधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा, फी भरायची, ठरावीक मुदतीसाठी ब्लॉक आपल्या नावावर. परवान्यावर काय मारता येईल ते लिहिलेलं. मादी मारायची नाही, मखमली, म्हणजे अजून वाढत असलेल्या मऊ शिंगांचा नर मारायचा नाही. नागपूरच्या अ‍ॅलविन कूपरसारख्या शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना घेऊन येत आणि मोक्याचे ब्लॉक अडवून ठेवत, ही वकीलसाहेबांची कायमची तक्रार. त्यांच्या वाट्याला उरलेसुरले ब्लॉक यायचे. त्यातल्याच एकात त्यांना ते सांबर दिसलं.

दिसलं म्हणजे त्यांनाच दिसलं. मी पलीकडच्या नाल्यात होतो. मोहाची फुलं गळायचे दिवस, पहाट झालेली, आणि ते फुलं वेचत उभं होतं. सोबतच्या कोरकू वाटाड्यानं हात धरला नसता तर वकीलसाहेबांनी बार टाकलाही असता. पण झाडांच्या आड शिंगं नीट दिसत नव्हती आणि वाटाड्या म्हणाला, एकच शिंग उरलंय. खरंच तसं होतं. दुसरं त्यानं आधीच टाकलेलं होतं.

सांबराची शिंगं म्हणजे गाईम्हशींची शिंगं नव्हेत. ती दरवर्षी गळतात आणि नवी उगवतात. आमच्याकडे साधारण मार्च ते मे या काळात टाकली जातात. पावसाळ्यात नवी वाढतात, तेव्हा त्यांच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मऊ लवदार कातडी असते, तीच मखमल. पावसाळा सरल्यावर नर झाडांवर घासून ती सोलून काढतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरात माजावर येतो तेव्हा शिंगं लाकडासारखी टणक झालेली असतात. प्रत्येक शिंगाला तीन टोकं: कपाळावरचा पहिला फाटा आणि वर दुभंगलेला शेंडा. भरात असलेल्या नराची शिंगं वर्षागणिक भारी होत जातात, आणि म्हातारपणी पुन्हा आखडतात. म्हणजे इंचांची शिकार करणारा माणूस दर हिवाळ्यात एका नव्याच वस्तूच्या मागे असतो. या वर्षी एकेचाळीस असलेलं पुढच्या वर्षी त्रेचाळीस होईल की अडतीस, हे कोणी सांगावं?

गळालेलं शिंग शोधायला आम्ही त्याच उन्हाळ्यात पुन्हा गेलो. हे काम शिकारीपेक्षा कठीण. जंगलात पडलेलं शिंग फार दिवस टिकत नाही. साळिंदरं ते कुरतडून खातात, त्यांना त्यातला चुना लागतो. शिवाय गावकरी उचलून व्यापाऱ्याला विकायचे, चाकूसुऱ्यांच्या मुठी व्हायच्या. पण मिळालं. उजवं शिंग, बुडाशी थोडं कुरतडलेलं, पहिला फाटा आत वळलेला. वकीलसाहेबांनी तिथेच गुडघ्यावर बसून पट्टी लावली. 41 इंच. त्यांचा आवाज कोर्टातसुद्धा इतका चढलेला मी ऐकला नव्हता.

मग सुरू झाला तो हट्ट. परवान्यावर एक सांबर असायचं आणि आमच्यासमोर चांगले नर येऊन जायचे, छत्तीसचे, सदतीसचे. वकीलसाहेब रायफल खाली ठेवायचे. ‘अरे, हा मारला तर कागद संपला. तो आला तर काय दाखवू त्याला?’ आम्ही चिडायचो, कारण रात्रभर मचाणावर बसून सकाळी हात हलवत परतायचं कोणाला आवडतं? त्यांनी मैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीकडून डोकं भरून घेण्याचं दरपत्रकसुद्धा मागवून ठेवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. चाळिशीच्या सांबरामागे लागता लागता वकीलसाहेबांना स्वतःलाच चाळिशी लागली, हा विनोद आमच्या घोळक्यात इतका झिजला की शेवटी तेच आधी सांगून टाकायचे.

पुढच्या एका उन्हाळ्यात डावं शिंग सापडलं, मूळ जागेपासून बरंच लांब, नर्मदेच्या बाजूच्या एका कोरड्या नाल्यात. फाटा तसाच आत वळलेला. ते सांबर मात्र पुन्हा कधी बंदुकीच्या टप्प्यात आलं नाही.

तेवढ्या काळात भोवतालचं जंगलही पार बदललं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकलेल्या जीप स्वस्तात मिळायला लागल्या होत्या. रात्री जीपवर झोतदिवा लावून निघायचं, दिव्यानं डोळे दिपलेलं जनावर जागीच थिजतं, मग नर-मादी, लहान-मोठं काही न बघता बार. पीकसंरक्षणासाठी दिलेल्या बंदुकाही याच कामाला लागल्या. परवाना, ब्लॉक, मखमल हे सारे नियम या लोकांच्या गावीही नव्हते. आमची पिढी सगळा दोष या जीपवाल्यांच्या माथी मारून मोकळी होते. मी हे फारसं मानत नाही. नियमानं मारणारा शिकारी प्रत्येक वेळी सगळ्यात भारी नर निवडत होता, आणि तोही हिवाळ्यात, म्हणजे नेमका माजाच्या हंगामात. कळपात पुढची पिढी ज्यानं द्यायची तोच भिंतीवर जात होता. वकीलसाहेबांशी यावर माझा वाद व्हायचा. ते म्हणत, ‘मी एकही नेला नाही.’ तेही खरंच.

देशभर वाघाच्या शिकारीवर 1970 मध्ये बंदी आली. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा सांबर तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राण्यांच्या तिसऱ्या यादीत होतं. त्या कायद्यात शिकारीचे परवाने मुळातून काढलेले नव्हते, अनुसूचीप्रमाणे वेगवेगळे परवाने होतेच. ते पुरते बंद झाले 1991 च्या दुरुस्तीनं. पण आमच्या घोळक्यानं त्याच्या कितीतरी आधी बंदुका आवरल्या होत्या. कोणाला जनावरं दिसेनाशी झाली, कोणाला मुलांनी शाळेतून येऊन प्रश्न विचारले. 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं सांबर असुरक्षित प्रजातींत टाकलं. मैसूरचं व्हॅन इंगेनचं दुकान त्याआधीच, 1999 मध्ये बंद झालं होतं. कन्नौदजवळचं खिवनी अभयारण्य 1955 पासूनच आहे, त्यामुळे त्या बाजूला सांबर अजून दिसतं. इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर धरणांच्या पाण्यानं खालची बरीच जंगलं मात्र गिळली.

आता नातवंडांच्या प्रश्नाकडे. कायद्यात ट्रॉफीची, म्हणजे जपून ठेवलेल्या जनावराच्या अवयवाची, जी व्याख्या आहे तिच्यात मृगाचं शिंग नाव घेऊन आलेलं आहे. त्यामुळे ही आमची मारलेली नाहीत, वेचलेली आहेत, एवढं म्हणून विषय संपत नाही. शिंगं विकायचा विचारही करायचा नाही, आणि हौसेखातर कोणा मित्राच्या फार्महाउसवर लावायला द्यायची नाहीत. 2003 पासून अशा वस्तूंचं हस्तांतर वारसाहक्कानं होईल तेवढंच. 2022 च्या दुरुस्तीनं एक वाट मोकळी केली: मालकीचा दाखला असलेल्या पण वस्तू नको असलेल्या माणसाला ती मुख्य वन्यजीव रक्षकाकडे सोपवता येते, मोबदला मिळत नाही. आपल्या जोडीला असा कोणताच दाखला नाही, तेव्हा मी पोरांना सरळ वनखात्यात जाऊन लेखी विचारायला सांगितलं आहे. वकीलसाहेबांची वही सोबत न्या म्हटलं. त्यात दोन्ही शिंगं कुठे, कोणत्या ऋतूत सापडली ते तारखांसकट लिहिलेलं आहे. वकिलाचीच वही ती.

एक वाद मात्र वहीनं सुटत नाही. ती दोन शिंगं एकाच सांबराची का? रामबागेतल्या एका निवृत्त डॉक्टरांचं म्हणणं, डाव्याचा घेर कमी आहे, हा दुसराच नर. मी म्हणतो, आत वळलेला फाटा बघा, आणि मधली वर्षं धरा. जनावर उताराला लागलं होतं. रोलंड वॉर्डच्या हिशेबात दोन वेगवेगळ्या वर्षांची शिंगं जोडी म्हणून धरलीच गेली नसती, हे आम्हां दोघांनाही मान्य आहे. उजवं 41 इंच, डावं सव्वाएकोणचाळीस.