पार्श्वभूमी : बैल, माणूस, कुत्रं आणि सगळ्यात शेवटी मांजर

मांजराला पिल्लं होऊ नयेत म्हणून त्याचं ऑपरेशन करायचं, हा विचार आपल्याकडे सगळ्यात शेवटी आला. तो इतका उशिरा का, ते सांगतो. सिंधू संस्कृतीतल्या चन्हुदडो शहराच्या एका विटेवर मांजराचं पाऊल उमटलेलं आहे आणि त्यामागे कुत्र्याचं. वीट ओली असताना पाठलाग झाला असणार. इतकी जुनी ओळख. सांगलीत मांजराचं बस्तान बसवलं ते व्यापारानं. गोदामात पोत्यांच्या थप्प्या, थप्प्यांत उंदीर, म्हणून मांजर. तिला मालक नव्हता, पण काम होतं. १८९६ नंतर प्लेग आला, उंदीर आणि पिसवांचं नातं कळलं, तेव्हा तर मांजरं पाळा असा सल्ला द्यायला डॉक्टर पुढे आले. मांजरं कमी करा असं त्या काळात कोणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

जनावर खच्ची करण्याची कला इथं नवी नाही. आटपाडी, खरसुंडीकडचे खिल्लार बैल बडवल्याशिवाय, म्हणजे वृषण ठेचल्याशिवाय, औताला जुंपत नसत. पुढे बडवण्याची जागा चिमट्यानं घेतली. पण ते मांजराला लावावं असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आलं १९८८ मध्ये, तरी गावोगावच्या जनावरांच्या दवाखान्यात पहिला मान गाई-म्हशींचाच. पिल्लांसाठी पोतं होतं. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं, म्हणून मारायचं नाही. पोत्याचं तोंड बांधून मंडईत किंवा नदीपलीकडे सोडून यायचं. पाप लागत नाही, एवढीच त्यात सोय.

आता शब्दाचा घोळ. तिढा खरा इथे आहे, म्हणून जरा थांबतो. सांगलीत कोणालाही विचारा, ‘मांजराची नसबंदी’ असंच म्हणेल. हा शब्द माणसाच्या ऑपरेशनचा. आणीबाणीत तो घराघरात शिरला, तोही धाक म्हणून. १९७६-७७ या एका वर्षात देशभर अशा ८० लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९७६ मध्ये मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही. ती धास्ती शब्दाला चिकटून राहिली.

बरं, नसबंदीत फक्त नस बांधतात. वृषण जागेवर राहतात, त्यांचा स्राव रक्तात जातच राहतो. माणसाच्या बाबतीत हेतूच तो असतो. बोक्याचं असं केलं तर पिल्लं थांबतील, पण रात्रीचं घुमणं, मारामाऱ्या, दाराला मुताची धार, सगळं पूर्वीसारखंच. प्रत्यक्षात बोक्याचे दोन्ही वृषण काढतात, भाटीचे, म्हणजे मादीचे, बीजांडकोश आणि बहुतेकदा गर्भाशयही. म्हणजे काम बैलाचं आणि नाव माणसाचं. ‘खच्ची करणं’ हा नेमका शब्द, पण ‘मानसिक खच्चीकरण’ ऐकून ऐकून तो शिवीसारखा झालाय. सरकारी ‘निर्बीजीकरण’ बरोबर आहे, तोंडात बसत नाही. आमच्या गावभागातल्या बायका सरळ म्हणतात, “मांजरीची पिशवी काढली.” मला तोच शब्द सगळ्यात प्रामाणिक वाटतो. ऑपरेशन न करता पिशवी तशीच ठेवली तर पुढे तिच्यात पू होऊ शकतो, हेही मग वेगळं समजावावं लागत नाही.

तरी “एक वेत तरी होऊ द्या बिचारीला” हे ऐकू येतंच. त्या एका वेताचा मांजरीला काही फायदा नाही. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका साधारण नऊ दशांशांनी कमी होतो, आणि मांजरीच्या स्तनातल्या गाठी बहुतेक घातकच निघतात. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत विते, आणि आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. एका जोडीपासून सात वर्षांत चार लाख वीस हजार मांजरं, असा आकडा पोस्टरवर फिरतो; त्यात एकही पिल्लू मरत नाही. खरी गोष्ट उलटी आहे. उघड्यावरची बहुतेक पिल्लं सहा महिनेही काढत नाहीत.

कायद्यानं मांजराकडे उशिरा पाहिलं. २००१ चे जन्मनियंत्रण नियम नावाला प्राण्यांचे, पण नावातच कंस आणि कंसात कुत्रा. रेबीजमुळे तेव्हा ते साहजिकही होतं. २०२३ च्या नव्या नियमांतून तो कंस गेला आणि ‘सामुदायिक प्राणी’ आला: वस्तीत जन्मलेला, ज्याच्यावर कोणी मालकी सांगितलेली नाही असा. ही व्याख्या मांजराला बसते की नाही, हे मी २०१९ च्या पुरात पाहिलं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि एरवी “आमचं नाही, येतं-जातं” म्हणणारी माणसं मांजर टोपलीत घालून बोटीत चढत होती.

पैसा, पिंजरे आणि भांडणं मात्र अजून कुत्र्याभोवतीच. ऑगस्ट २०२५ मधले सर्वोच्च न्यायालयाचे गाजलेले आदेशही कुत्र्यांबद्दलच. मांजराचं ऑपरेशन ज्यानं त्यानं आपल्या खिशातून करायचं आणि ते झाल्याची खूण म्हणून मांजराच्या कानाचा शेंडा कापून घ्यायचा. आमच्या गल्लीत तीन भाट्या आहेत. दोघींचे कान कापलेले आहेत. तिसरी परवा शेजारच्या माळ्यावर व्याली.