आधी लाइनमन, मग फ्रिज: चेंजओव्हर स्विचची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरात जनरेटर घेतला की मीटरशेजारी पत्र्याची एक पेटी येते. तिला बाहेरून दांडा असतो आणि मिस्त्री तिला चेंजओव्हर म्हणतो. दांडा वर असला की लाइट, खाली असला की जनरेटर, मध्ये असला की काहीच नाही. हल्ली दुकानदार आतच सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून संरक्षण, बसवलेली पेटी पुढे करतो. किंमत ऐकून गिऱ्हाईक विचारतं, घरात स्टॅबिलायझर असताना हे आणि कशाला? प्रश्न रास्त आहे. या पेटीत दोन निरनिराळ्या भीती नांदतात आणि दुसरी फार उशिरा राहायला आली.

पहिली भीती लाइनमनच्या जिवाची. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे ४३३ करतो, पण उलट बाजूने वीज आली तर तितक्याच इमानाने पुन्हा हजारो व्होल्ट करून ठेवतो. घरचा जनरेटर लाइनला जोडलेला राहिला, तर लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या माणसाच्या हातात ती वीज येते. म्हणून चेंजओव्हरची पाती, म्हणजे आतल्या धातूच्या पट्ट्या, एका वेळी एकाच बाजूला टेकू शकतात. दोन्हीकडे एकदम टेकायची सोयच नाही. १९५६ च्या विद्युत नियमांत नंतर घातलेल्या ४७-अ नियमाने जनरेटर बसवणाऱ्याने वीजपुरवठादाराला आणि इन्स्पेक्टरला तीस दिवस आधी कळवणं बंधनकारक केलं. १० किलोवॉटच्या वर असेल तर लेखी मंजुरीही लागे. हे झालं कागदावर. ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातल्या एका लग्नघरात दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावलेली वायर भिंतीतल्या सॉकेटात खुपसून सगळं घर उजळलेलं मी स्वतः पाहिलंय. मेन स्विच पाडायची आठवण ज्याच्यावर सोपवली होती, तो पंगतीत वाढत होता.

घरोघरी जनरेटर यायला कारण घडलं ते विजेच्या तुटवड्याचं. पूर्वी तो गिरणी, सिनेमागृह किंवा इस्पितळाच्या मागच्या खोलीत असे. १९८५ नंतर उचलून नेता येतील असे छोटे संच भारतातच बनू लागले. मध्य प्रदेशात १९९३ पासून पाच हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतपंपांना वीज फुकट होती. त्यात १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं आणि कोरब्याची वीजकेंद्रं तिकडे गेली. ‘कटौती’, म्हणजे वीजकपात, हा शब्द आमच्या ग्वाल्हेरी मराठीत तेव्हाच कायमचा शिरला: ‘आज कटौती किती ते किती?’ २००३ ची निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी यांवर लढली गेली आणि सरकार गेलं. पारा ४५ च्या वर असताना रात्री पंखा बंद पडणं ज्याने सोसलंय, त्याला या निकालाचं नवल वाटणार नाही.

दुसरी भीती उपकरणांची. तोवर घरात बल्ब, पंखा आणि फार तर मिक्सर होता. त्यांना झटक्याची पर्वा नव्हती. टीव्ही, संगणक, इलेक्ट्रॉनिक बोर्डाचा फ्रिज आले आणि लक्षात आलं, की लाइट जाते तेव्हा काही बिघडत नाही, बिघडतं ती येताना. परतलेली लाइट आणि सगळ्या गल्लीतल्या उपकरणांच्या मोटारी एकदम उठतात. जनरेटरही साधा नाही: मोठा भार अचानक सुटला की त्याचं व्होल्टेज क्षणभर उसळतं. वर आषाढातल्या विजा.

यावरचा उपाय जपानमधून आला. मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी १९६८ च्या सुमारास झिंक ऑक्साइडची भाजलेली चकती तयार केली. व्होल्टेज मर्यादेत असेतो ती जवळजवळ काहीच वाहू देत नाही. मर्यादा ओलांडली की सेकंदाच्या अत्यल्प भागात वाट मोकळी करून झटका जमिनीकडे वळवते. हीच व्हॅरिस्टर. आजच्या सर्ज प्रोटेक्टरचा जीव तिच्यात आहे.

मग ती चेंजओव्हरच्याच पेटीत का? एक तर पात्यांच्या घराकडच्या बाजूला बसवली की लाइट असो वा जनरेटर, दोन्हींवर तिचा पहारा. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. विजेचा झटका इतक्या वेगाने चढतो की जोडणीची साधी मीटरभर तारसुद्धा वर हजारेक व्होल्ट घालू शकते. म्हणून ही तार अर्ध्या मीटरच्या आत ठेवायला सांगतात. भिंतीवर स्वतंत्र डबी लावून दोन हात तार फिरवणारा मिस्त्री पैसे घेतो आणि संरक्षण तिथेच सांडतो.

आता स्टॅबिलायझर. तो रोजचं कमी-जास्त व्होल्टेज सावरतो, क्षणात येऊन गेलेला झटका त्याच्या हाती लागत नाही. उलट न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटून २३० च्या जागी ३५०-४०० व्होल्ट मिनिटभर राहिले, तर व्हॅरिस्टर स्वतःच तापून जळते. दोघांची कामं वेगळी.

स्वयंचलित पेटीला तर निर्णयही घ्यावा लागतो. लाइट खरोखर आली की नुसती डोकावून गेली? म्हणून तिच्यात टायमर असतो आणि लाइट काही मिनिटं टिकली तरच पेटी घर लाइटवर वळवते. यंत्राचा असा निर्णय चुकला की काय होतं ते २०१२ च्या जुलैअखेर दिसलं: बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्ही (चार लाख व्होल्ट) लाइनच्या रिलेने, म्हणजे दोष दिसताच लाइन तोडणाऱ्या यंत्राने, जादा भारालाच दोष समजून लाइन तोडली आणि ३० तारखेच्या पहाटे उत्तर भारत काळोखात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच लाइन पुन्हा तुटली, तेव्हा पूर्व आणि ईशान्य भारतही गेला. पश्चिमेची ग्रिड मात्र टिकली.

राहता राहिलं अर्थिंग. झटका वळवायचा तो जमिनीत, आणि किल्ल्याच्या आसपासची जमीन खडकाळ, मे महिन्यात कोरडी ठणठणीत. मीठ-कोळशाच्या खड्ड्यात आमच्याकडे उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओततात, तुळशीला घालतात तसंच. पेटीवर एक छोटी खिडकीही असते, हिरवी म्हणजे व्हॅरिस्टर शाबूत, लाल म्हणजे गेली. शेजारच्या घरी परवा सहज वाकून पाहिलं. लाल होती, आणि कधीपासून ते कुणालाच सांगता येईना.