जुना आय७ की नवा आय३? ४७७० आणि १२१०० शेजारी ठेवून

सेकंडहँड कॉम्प्युटरच्या जाहिरातीत एक ओळ ठरलेली असते: ‘कोअर आय७, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी’. पिढी कोणती, ते मात्र लिहिलेलं नसतं. शेजारच्या दुकानात थोडे जास्त पैसे मोजले की नवा आय३ असेंबल करून मिळतो. गिऱ्हाईक साहजिकच विचारतं, तीन मोठे की सात? इथेच हिशेब चुकतो. आय३, आय५, आय७ ही इंटेलच्या प्रोसेसरांची उतरंड एकाच पिढीपुरती खरी असते. पिढी बदलली की खालचा वरच्याला सहज मागे टाकतो.

म्हणून मॉडेलचा आकडा पूर्ण वाचायचा. चार अंकी असेल तर पहिला अंक म्हणजे पिढी: ४७७० चौथी, ८५०० आठवी. पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक: १२१०० बारावी. आय७-८७० असे तीनच अंक दिसले तर ती पहिली पिढी, तिच्याकडे बघूही नका. दुकानदार आकडा सांगायला टाळाटाळ करत असेल तर मशीन चालू करायला लावा, विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा आणि एमएसइन्फो३२ टाईप करा. ‘प्रोसेसर’च्या ओळीत पूर्ण नाव येतं. कॅबिनेटवरच्या स्टिकरवर विसंबू नका, ते सुटे विकत मिळतात.

आता दोघांना समोरासमोर ठेवू. आय७-४७७० जून २०१३मध्ये आला. डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० किंवा एचपी एलिटडेस्क ८०० जी१ यांसारख्या, ऑफिसांतून निघालेल्या मशिनांत तो किंवा त्याचा भाऊ ४७९० हमखास सापडतो. आय३-१२१०० जानेवारी २०२२चा. कागदावर दोघं जुळे भाऊ वाटतात: दोघांना ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). मूळ वेग ४७७०चा ३.४ गिगाहर्ट्झ, १२१००चा ३.३. म्हणजे एवढंच वाचलं तर जुनाच सरस. टर्बोत, म्हणजे गरजेपुरत्या वाढवलेल्या वेगात, मात्र ३.९ विरुद्ध ४.३ असा फरक पडतो, तोही तसा दहा टक्क्यांचाच.

प्रत्यक्षात अंतर त्याहून कितीतरी जास्त आहे. सिनेबेंच आर२३ या चाचणीत एका कोअरवर ४७७० साधारण हजाराच्या आसपास राहतो, तर १२१०० साडेसोळाशेच्या आसपास. सगळे कोअर जुंपले तर पाच हजारांच्या आत-बाहेर विरुद्ध आठ हजारांच्या वर. गिगाहर्ट्झ फक्त जातं मिनिटाला किती फेरे घेतं ते सांगतो. एका फेऱ्यात किती दळलं जातं ते नाही.

एका फेऱ्यातलं हे दळण वाढलं कशाने, ते थोडं आत शिरून पाहण्यासारखं आहे. ४७७०चा कोअर एका वेळी ४ सूचना उलगडू शकतो, १२१००चा ६. एखादी सूचना मेमरीतून डेटा यायची वाट पाहत अडकली, तर कोअर पुढच्या सूचना आधीच हाती घेऊन ठेवतो. अशा किती सूचना तो एकाच वेळी मांडून ठेवू शकतो याला मर्यादा असते: ४७७०ची १९२, १२१००ची ५१२. शिवाय प्रत्येक कोअरजवळची एल२ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) २५६ किलोबाइटवरून सव्वा मेगाबाइटवर गेली, आणि सामायिक एल३ ८ मेगाबाइटवरून १२वर. परिणाम असा की नवा कोअर मेमरीची वाट पाहत कमी वेळ रिकामा बसतो. ब्राउझरमधली जड पानं, मोठी एक्सेल शीट, टॅलीतला वर्षभराचा रिपोर्ट ही कामं मुख्यतः एकदोन कोअरवरच चालतात. त्यामुळे रोजच्या वापरात जाणवतो तो हाच फरक.

मेमरीकडेही बघायला हवं. ४७७०ला डीडीआर३ लागते, तीही १६०० वेगापर्यंत आणि जास्तीत जास्त ३२ जीबी. १२१०० डीडीआर४ ३२०० किंवा डीडीआर५ ४८०० घेतो. दोन्हींपैकी कोणती, ते मदरबोर्ड ठरवतो. १६००च्या रॅमच्या दोन काड्या जोडीने जेवढा डेटा वाहतात, म्हणजे सेकंदाला २५.६ गिगाबाइट, तेवढा ३२००ची एकच काडी वाहते. जुन्या मशीनमधली रॅम नव्यात वापरू, हा विचार मनातून काढून टाका. डीडीआर३ काडीला २४० पिना, डीडीआर४ला २८८, आणि खाचेची जागाही वेगळी. डीडीआर५लाही २८८च पिना असतात, पण खाच सरकलेली असते. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट फुटेल.

विजेच्या आकड्यावरूनही घोळ होतो. ४७७०वर ८४ वॉट लिहिलेलं असतं, १२१००वर ६०. हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत. १२१००चा ६० हा मूळ वेगाचा आकडा. टर्बोत तो ८९ वॉटपर्यंत जातो. म्हणजे पूर्ण ताणावर दोघं जवळपास सारखीच वीज खाऊ शकतात, पण १२१०० काम लवकर उरकून निवांत होतो. विजेच्या बिलात नव्याचा पैसा वसूल होईल असं कोणी सांगत असेल तर, दिवसरात्र चालणारं मशीन नसेल तर, ते फारसं मनावर घेऊ नका.

व्हिडिओच्या बाबतीत मात्र जुना उघडा पडतो. ४७७०मधलं एचडी ग्राफिक्स ४६०० एच.२६४ या जुन्या प्रकारचा व्हिडिओ आरामात उलगडतं, पण एच.२६५, व्हीपी९ आणि एव्ही१ यांच्यासाठी त्यात पुरेसं हार्डवेअर नाही. यूट्यूबवर ४के लावलं की सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा घोंघावतो आणि चित्र अडखळतं. १२१००मधलं यूएचडी ७३० हे तिन्ही प्रकार स्वतः हाताळतं. याच ठिकाणी एक जुनी चूक पुन्हा पुन्हा होते: पैसे वाचवायला १२१००एफ घेतला जातो. शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्सच नसतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं नाही तर बोर्डच्या एचडीएमआयला केबल जोडूनही डिस्प्ले येत नाही, आणि बिचाऱ्या बोर्डवर आळ येतो.

विंडोजचा मुद्दा तर सरळच आहे. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११साठी इंटेलची आठवी किंवा नंतरची पिढी आणि टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो. ४७७० यात बसत नाही. तपासणी चुकवून विंडोज ११ घालता येतं, आणि बरेच विक्रेते तसंच घालून देतात. मशीन चालतं, पण मोठं व्हर्जन अपडेट आपोआप येईलच याची हमी राहत नाही; दर वेळी तोच खटाटोप. विकत घेतानाच ‘विंडोज ११ आहे’ एवढ्यावर खूश होऊ नका, प्रोसेसर अधिकृत यादीत आहे का ते विचारा. लिनक्स वापरणाऱ्यांना हा प्रश्नच नाही. मिंटसारखं काही घातलं तर ४७७० अजून बरीच वर्षं ओढेल.

प्रोसेसरबरोबर त्याचा सगळा गोतावळाही येतो, आणि जुन्याचा खरा तोटा तिथे आहे. ४७७०च्या काळातल्या एच८१, बी८५ बोर्डांवर एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बोर्डवर बसवण्याची जागा) सहसा नसतो. साटा, म्हणजे जुन्या जोडणीची, एसएसडी लावता येते, तिचा वेग सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइटच्या आसपास थांबतो. पीसीआय-ई कार्डावर बसवून एनव्हीएमई (जास्त वेगवान एसएसडी) लावली तरी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर, तिच्यावरून बूट करायला सहसा तयार नसतो. १२१०० ज्यावर बसवतात त्या स्वस्तातल्या एच६१० बोर्डवर एम.२ मिळतो, पण तिथेही एक मेख आहे: प्रोसेसरच्या पीसीआय-ई ४.० लेन (डेटाच्या वाटा) एच६१०वर एम.२साठी दिलेल्या नाहीत. त्यामुळे एनव्हीएमई ३.०च्याच वेगाने, म्हणजे सुमारे ३५०० मेगाबाइटपर्यंत चालते. महागडी जेन४ (४.० वेगाची) एसएसडी या बोर्डवर लावणं म्हणजे पैसे वाया.

ब्रँडेड जुन्या मशीनमध्ये पुढे ग्राफिक्स कार्ड घालायचं ठरवलं असेल तर आधी एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) पाहा. ऑप्टिप्लेक्स ९०२०च्या बोर्डला नेहमीचा २४ पिनांचा कनेक्टर नसून ८ पिनांचा असतो; एलिटडेस्क ८०० जी१लाही कंपनीचा स्वतःचाच कनेक्टर आहे. बाजारातला साधा एसएमपीएस आणून जोडता येत नाही, अ‍ॅडॅप्टर केबल शोधावी लागते. कॅबिनेट आडवं, पातळ असेल तर त्यात फक्त अर्ध्या उंचीचं कार्ड बसतं. ‘आय७ आहे, नंतर गेमिंगचं कार्ड टाकू’ हा बेत बहुतेकदा इथेच फसतो.

मग जुना घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण कुठे ते ठरलेलं आहे. तुमच्याकडे आधीच आय३-४१३० किंवा पेंटियमवालं चौथ्या पिढीचं मशीन असेल, रॅम ८ जीबीच्या वर असेल, तर नुसता ४७७० आणून त्यात बसवणं ही सर्वांत स्वस्त सुधारणा. सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसरची बैठक) तोच, एलजीए११५०. ४७९० घ्यायचा असेल तर मात्र आधी बायोस अपडेट करा. तो २०१४चा आहे आणि जुन्या बायोसला तो ओळखू येत नाही. एवढं करण्याआधी मशीनमध्ये अजून हार्ड डिस्कच असेल तर प्रोसेसरचं नाव काढू नका. आधी साटा एसएसडी लावा. दहातल्या आठ तक्रारी तिथेच मिटतात. वजनकाट्यासाठी सीरियल पोर्ट हवा, जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचा डोंगल (लायसन्सची चावी) नव्या विंडोजवर चालत नाही, अशा गरजांनाही जुनं ब्रँडेड मशीन सोयीचं पडतं.

पण कोऱ्या पाटीवर, म्हणजे पूर्ण मशीनच घ्यायचं असेल आणि बजेट सेकंडहँडचंच असेल, तर ४७७० आणि १२१०० यांच्या मधलं नाव आहे आय५-८५००. २०१८चा, ६ कोअर, टर्बो ४.१, डीडीआर४ २६६६, विंडोज ११च्या अधिकृत यादीत. ऑप्टिप्लेक्स ७०६० किंवा एलिटडेस्क ८०० जी४मध्ये तो मिळतो आणि या मशिनांत एम.२ एनव्हीएमईही चालते. दुकानदार त्याऐवजी ‘हा आय७ बघा, याच भावात’ म्हणून आय७-७७०० पुढे करेल. त्याचा मूळ वेग जास्त, ८ थ्रेड, पण पिढी सातवी. विंडोज ११च्या यादीबाहेर. आणि दोघांचं सॉकेट एलजीए११५१च असलं तरी ७७००च्या बोर्डवर पुढे ८५०० चालत नाही. त्याला ३०० मालिकेतला बोर्ड लागतो.

उलट्या दिशेचा घोटाळाही आहे: नवा आकडा, आत जुनंच. आय३-१३१०० आणि आय३-१४१०० यांतही तेच ४ कोअर, ८ थ्रेड, तीच १२ मेगाबाइट कॅश. टर्बो तेवढा ४.५ आणि ४.७. १२१००पेक्षा १४१०० फार तर नऊ टक्के पुढे, म्हणून किमतीत त्याहून जास्त अंतर असेल तर १२१००च घ्या. शिवाय जुना पडून राहिलेला एच६१० बोर्ड मिळाला तर तेरावी-चौदावी पिढी बायोस अपडेट केल्याशिवाय सुरूच होत नाही. लॅपटॉपमध्ये इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने तर याहून गंमत केली. रायझन ७००० मालिकेत डिझाइनचं वय तिसरा अंक सांगतो. ७५२०यू म्हणजे २०१९मधलं झेन २, ७५३०यू म्हणजे झेन ३, ७५४०यू म्हणजे झेन ४. तिन्ही ‘रायझन ५’, तिन्ही ‘७०००’.

भावाचं एक गणित धरून चाला. नव्या १२१००च्या बिलात प्रोसेसर, एच६१० बोर्ड, डीडीआर४च्या ८-८ जीबीच्या दोन काड्या, एनव्हीएमई, एसएमपीएस आणि कॅबिनेट असा सगळा बेरजेचा आकडा काढा. पूर्ण ४७७० मशीन त्याच्या निम्म्याहून स्वस्त पडत नसेल तर ते सोडून द्या. आणि ‘नवीन आय७ पीसी, एक वर्ष वॉरंटी’ असं एखादं ऑनलाइन दिसलं तर बोर्ड नवा, कॅबिनेट नवं, पण प्रोसेसर दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा, जुन्या मशीनमधून काढलेला असण्याचीच शक्यता जास्त. तिसऱ्या पिढीपर्यंत एव्हीएक्स२ या जड आकडेमोडीच्या सूचना नव्हत्या. काही नवी सॉफ्टवेअर आणि गेम्स त्यावर सुरूच होत नाहीत. ४७७०ला त्या आहेत, म्हणून जुन्यातही चौथ्या पिढीच्या खाली उतरू नका.

जुनं मशीन घेताना दुकानातच दहा मिनिटं सिनेबेंच फिरवा आणि एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान पाहा. १०० अंशांना ४७७० स्वतःचा वेग उतरवतो. दोनतीन मिनिटांतच तिथे पोचला तर थर्मल पेस्ट सुकलेली आहे किंवा पंख्याच्या चार प्लॅस्टिक खुंट्यांपैकी एखादी सुटलेली आहे. सीपीयू-झेड या प्रोग्रॅमच्या मेमरीच्या पानावर ‘ड्युएल’ किंवा ‘२ x ६४-बिट’ दिसतंय का, म्हणजे रॅम दोन काड्यांत जोडीने आहे का, तेही बघा; १६ जीबी एकाच काडीत दिली असेल तर भाव कमी करून घ्या. नव्या १२१००चा बॉक्स पीस मागा. त्यात पंखा आणि तीन वर्षांची वॉरंटी येते. ट्रे पीसमध्ये, म्हणजे बॉक्सशिवाय सुट्या मिळणाऱ्या प्रोसेसरबरोबर, पंखा नसतो आणि वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. बोर्डचं सॉकेट बंद करण्याआधी मोबाइलच्या उजेडात त्याच्या पिना तिरक्या कोनातून पाहून घ्या. या दोन्ही प्रोसेसरांत पिना बोर्डवर असतात, आणि वाकलेली पीन वॉरंटीत बसत नाही.