सार्क आणि बिमस्टेक: एकाच्या जागी दुसरा चालेल का?

भारत, बांगलादेश, नेपाळ, भूतान आणि श्रीलंका हे पाच देश दोन्ही गटांत आहेत, त्यामुळे सार्क (दक्षिण आशियाई देशांची सहकार्य संघटना) आणि बिमस्टेक (बंगालच्या उपसागराच्या परिसरातल्या देशांची सहकार्य संघटना) यांची गल्लत सहज होते. वेगळेपण आहे ते उरलेल्या देशांत. सार्कमध्ये पाकिस्तान, मालदीव आणि २००७ साली आलेला अफगाणिस्तान. बिमस्टेकमध्ये म्यानमार आणि थायलंड. सार्क १९८५ साली ढाक्यात स्थापन झाली, तिचं सचिवालय काठमांडूत. बिमस्टेक १९९७ साली बँकॉकमध्ये सुरू झाली आणि तिचं सचिवालय ढाक्यात.

सार्क कुठे अडली हे सर्वांना ठाऊक आहे. तिथे प्रत्येक निर्णय एकमताने घ्यावा लागतो. २०१४ च्या काठमांडू परिषदेत वाहनांच्या सीमापार वाहतुकीचा करार पाकिस्तानच्या नकारामुळे राहिला. उरी हल्ल्यानंतर २०१६ ची इस्लामाबाद परिषद रद्द झाली, त्यानंतर शिखर परिषद झालेलीच नाही. पंतप्रधान मोदींच्या २०१४ च्या शपथविधीला सार्कचे नेते होते, २०१९ ला बिमस्टेकचे. दिल्लीचा कल बदलला तो असा.

यावरून 'बिमस्टेक म्हणजे पाकिस्तान वगळून सार्क' असा समज रुजला. मला तो घातक वाटतो. एकमताची अट बिमस्टेकलाही आहे. तिची सनद २०२२ मध्ये संमत झाली आणि लागू व्हायला २०२४ उजाडलं. मुक्त व्यापाराचा आराखडा २००४ साली ठरला, तरी करार अजून झालेला नाही, आणि इथे तर पाकिस्तान नाही. २०१५ साली बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी वाहनांचा वेगळा करार केला, तेव्हाही भूतानच्या संसदेत तो अडला; इतक्या लहान देशात परदेशी ट्रक किती येतील, ही तिथली काळजी रास्तच होती. शेजाऱ्यांशी व्यापार दक्षिण आशियाच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे, त्याला एकाच देशाचा हट्ट जबाबदार धरता येणार नाही.

खरं तर कोणता गट हवा, हे प्रश्नाच्या भूगोलावर ठरायला हवं. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं घ्या. २००८ च्या नर्गिसमध्ये म्यानमारमधले मृत आणि बेपत्ता मिळून लाखाहून अधिक लोक गेले. तिथे सार्क काय करणार? म्यानमार तिच्यात नाही. वादळाचे इशारे आणि बंदरं यांसाठी बिमस्टेकच हवी, आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला झालेला सागरी वाहतुकीचा करार म्हणूनच मोलाचा आहे.

हिवाळ्यातल्या धुरक्याचं उलट आहे. लाहोर, अमृतसर आणि दिल्ली एकाच हवेत श्वास घेतात. पराली, म्हणजे भाताच्या कापणीनंतर शेतात उरलेले खुंट, दोन्ही पंजाबांत जळते. सिंधूच्या खोऱ्यातल्या हिमनद्यांचंही तेच. बिमस्टेकच्या टेबलावर हा प्रश्न मांडला तर एक मुख्य पक्ष खोलीतच नसेल.

छोटे करार काही जागा भरतात. नोव्हेंबर २०२४ पासून नेपाळची ४० मेगावॅट वीज भारताच्या तारांतून बांगलादेशला जाऊ लागली, तीही त्रिपक्षीय करारावर. पण विजेला खरेदीदार असतो, धुरक्याला नसतो. मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी सार्कच्या नेत्यांनी व्हिडिओवरून बैठक घेतली, तीत पाकिस्तानचाही प्रतिनिधी होता आणि भारताने आपत्कालीन निधीसाठी १ कोटी डॉलर देऊ केले. हवेसाठी तर नेत्यांचीही गरज नाही. दोन्ही बाजूंच्या प्रदूषण मंडळांचे आणि हवामान खात्यांचे अधिकारी एकमेकांना रोजचे आकडे देऊ लागले तरी सुरुवात होईल.