स्वभाव-प्रश्नावली आणि कामावरचा संवाद: मागवण्याआधी हे वाचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या दाळमिल, चटई आणि पाइपचे कारखाने, तेलगिरण्या, ट्रान्सपोर्ट ऑफिसं अशा दहा ते साठ माणसांच्या ठिकाणांसाठी हे पत्रक आहे. "आमच्याकडे कुणी कुणाला नीट सांगत नाही" अशी तक्रार असेल, तर प्रश्नावली मागवण्याआधी एक गोष्ट तपासा. वजनकाट्यावरची तूट कुणाच्या नावे टाकायची हे ठरलेलं नाही, ओव्हरटाइम थकलाय, किंवा एकाच ऑपरेटरला दोघं जण हुकूम देतात, असं काही असेल तर तो स्वभावाचा प्रश्न नव्हे. तिथे आधी हिशोब आणि कामाची वाटणी करा. तेवढ्यानेच निम्मी कुरबूर थांबलेली बघायला मिळते.

कोणती प्रश्नावली घ्यावी

बाजारात तीन घराणी चालतात. पहिलं चार अक्षरांचं, म्हणजे एमबीटीआय (मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर). मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या विचारांवर कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ते उभारलं. त्यात बहिर्मुख-अंतर्मुख अशा चार जोड्या असतात, प्रत्येक जोडीतून एक अक्षर मिळतं आणि त्यातून १६ प्रकार होतात. दुसरं 'डिस्क', चार वर्तनशैलींचं. त्याचं मूळ विल्यम मार्स्टन यांच्या १९२८ च्या मांडणीत आहे. तिसरं 'बिग फाइव्ह'. त्यात प्रकार नसतातच, स्वभावाच्या पाच पैलूंच्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीवर माणूस कमी-जास्त कुठे आहे ते बघतात.

संशोधनाच्या कसोटीला सगळ्यात पक्कं तिसरं. पहिल्या पद्धतीची अडचण खाने पाडण्यात आहे. बहिर्मुखतेच्या पट्टीवर ४९ आणि ५१ वर असलेली दोन माणसं जवळपास सारखीच, पण त्यांना उलट अक्षरं मिळतात. ५१ आणि ९५ वाले मात्र एकाच खान्यात बसतात. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली, तर मधल्या गुणांच्या माणसाचं एखादं अक्षर सहज बदलतं. तरीही गप्पा सुरू करायला प्रकार सोपे पडतात, आठवणीत राहतात. त्यामुळे आमचा सल्ला असा: मोजायला पट्ट्या वापरा, बोलायला प्रकारांची भाषा वापरली तरी चालेल.

भरून घेताना

एका वेळी आठ ते चौदा माणसं घ्या. भरायला वीस-तीस मिनिटं लागतात. मालक, मॅनेजर त्या खोलीत नकोत. ते समोर असले की माणूस साहेबांना आवडेल ते उत्तर देतो. मालकांनी स्वतःचीही प्रश्नावली भरायची. ते सुटले तर बाकीच्यांना वाटतं, आपलीच झडती चालली आहे. गाडी भरायचा दिवस टाळा. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहाच्या आत उरका, दुपारच्या उन्हात लोक कागद संपवण्यासाठी खुणा करतात.

भाषा हा नाजूक भाग आहे. घरी अहिराणी, ऑफिसात मराठी आणि बाहेरून आलेल्या ऑपरेटरशी हिंदी, अशी आपल्याकडची रीत. इंग्रजी प्रश्न मशीनने भाषांतर करून दिले, तर अर्थ पार बदलू शकतो. ज्याला वाचायला जड जातं, त्याच्याजवळ एकट्याने बसून त्याच्या बोलीत प्रश्न सांगावा. उत्तर सुचवू नये.

निकाल आधी ज्याचा त्यालाच दाखवा, पंधरा मिनिटं बोला. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना स्वभावाचं 'वैयक्तिक' वर्णन दिलं. प्रत्यक्षात सगळ्यांच्या हाती एकच मजकूर होता, तरी त्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. म्हणजे मोघम वर्णन कुणालाही आपलंच वाटतं. म्हणून आम्ही प्रत्येकाला त्याचं आणि त्याच्या उलट स्वभावाचं, अशी दोन वर्णनं नाव न घालता देतो आणि लागू पडणारी वाक्यं खुणवायला सांगतो. जे पटत नाही ते खोडायचा हक्क त्याचा.

इथे एक धोका आहे. वीस वर्षं काम केलेल्या आबांसमोर किंवा नानांसमोर नवा पोरगा तोंड उघडत नाही. तो अंतर्मुख असेलच असं नाही, तो मान राखतो आहे. गप्प बसण्याचा अर्थ लावायची घाई करू नका.

खरं काम एका पानावर

पुढची बैठक दोन तासांची. प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या: काम सांगताना मला काय लागतं, काय खटकतं, घाईत माझं काय होतं. मग ज्यांचं रोज अडतं त्यांना समोरासमोर बसवा, विक्री आणि डिस्पॅच, खरेदी आणि अकाउंट. दाळमिलचं एक उदाहरण घ्या. विक्रीवाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, "भाऊ, अर्जंट आहे, बघून घ्या." त्याच्या मते काम सांगून झालं. डिस्पॅचवाल्याला आकडे लागतात, म्हणून तो फोनची वाट बघत थांबतो. दोघं बसले की निरोप असा ठरतो: "तूरडाळ, ३० किलोचे २०० कट्टे, गाडी उद्या दुपारी १२ ला लागेल, बारदान आपलं. जमेल की नाही ते आज ५ च्या आत कळवा." आणि डिस्पॅचवाल्याने नुसता अंगठा न टाकता "जमेल" किंवा "१५० च होतील" असं लिहायचं. अशा पाच-सहा ठरावांचं पान भिंतीवर लावा. स्वभावाचे निकाल मात्र भिंतीवर कधीच नकोत.

सहा आठवड्यांनी पान पुन्हा वाचा. पाळला न जाणारा ठराव काढून टाका किंवा बदला.

यासाठी वापरू नका

भरती, बढती, पगारवाढ, कामावरून काढणं यांत हे निकाल आणू नका. एमबीटीआयचे प्रकाशक स्वतःच भरतीसाठी ती वापरू नये असं सांगतात. एकट्या निकालावरून काम किती चांगलं होईल ते ठरवता येत नाही, आणि पोट अडकलेलं आहे हे कळलं की कुणी खरं भरत नाही. "मी अंतर्मुख, मला फोन करू नका" ही सबबही चालू देऊ नका. प्रश्नावली भरायची की नाही हे कामगाराच्या मर्जीवर ठेवा, आणि कागद कोण बघणार, कधी फाडणार हे आधीच लिहून द्या.

पहिल्या भेटीला दोन गोष्टी तयार ठेवा: कोण कुणाकडून काम घेतो याची यादी, आणि गेल्या महिन्यात चुकलेले तीन निरोप, जसे पाठवले होते तसेच.