सिंथेसायझरचा स्वर आणि इक्वलायझरने घडणारी त्याची काया

सिंथेसायझर म्हणजे विद्युत मंडलांतून स्वर घडवणारे वाद्य. त्यातील करवती तरंग, म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या आकाराचा ध्वनितरंग, कोणताही संस्कार न करता ऐकला, तर तो भरगच्च असूनही निर्जीव वाटतो. त्याची रचना मात्र अत्यंत नेमकी असते. ११० हर्ट्झचा स्वर वाजवला की त्याच्यासोबत २२०, ३३०, ४४० अशा प्रत्येक पूर्णांकी पटीतले हार्मोनिक उमटतात, आणि त्यांचा आयाम, म्हणजे कंपनाचा जोर, क्रमांकाच्या व्यस्त प्रमाणात घटत जातो. दुसरा हार्मोनिक मूळ स्वराच्या निम्मा, तिसरा एक तृतीयांश, दहावा एक दशांश असतो. चौकोनी तरंगात यांपैकी केवळ विषम क्रमांकाचे हार्मोनिक असतात, म्हणून तो काहीसा पोकळ ऐकू येतो. आपल्या संगीतशास्त्रात नादाची जाती म्हणून जो गुण सांगितला आहे, ज्यामुळे एकाच उंचीचा षड्ज सारंगीवर आणि हार्मोनियमवर वेगळा ओळखता येतो, तो बव्हंशी या हार्मोनिकांच्या परस्पर प्रमाणावर आणि ते प्रमाण काळानुसार कसे बदलते यावर अवलंबून असतो. इक्वलायझर, म्हणजे निवडक वारंवारतांचा जोर वाढवणारे किंवा घटवणारे उपकरण, त्यातील पहिल्या गोष्टीला, म्हणजे प्रमाणाला, थेट हात घालतो.

हे उपकरण मुळात संगीतासाठी जन्मलेले नाही. लांब टेलिफोन तारांमधून जाताना आवाजातील वरच्या वारंवारता अधिक क्षीण होत, आणि त्यांची भरपाई करून सर्व वारंवारता पुन्हा समपातळीवर आणण्यासाठी अभियंत्यांनी ही विद्युत मंडले वापरली. पुढे ध्वनिमुद्रण कक्षांनी ती आपलीशी केली. १९७२ साली ध्वनिअभियंता जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात पॅरामेट्रिक इक्वलायझरवर शोधनिबंध मांडला. कोणत्या वारंवारतेभोवती बदल करायचा, किती डेसिबलने करायचा आणि किती रुंद पट्ट्यावर करायचा, ही तीन नियंत्रणे त्यात एकमेकांपासून स्वतंत्र झाली. पट्ट्याची रुंदी सहसा ‘क्यू’ या अंकाने सांगतात: मध्य वारंवारतेला रुंदीने भागले की तो मिळतो. १००० हर्ट्झभोवतीचा ५०० हर्ट्झ रुंदीचा पट्टा म्हणजे क्यू २.

इक्वलायझर नवे हार्मोनिक निर्माण करीत नाही, ही त्याची मर्यादा सुरुवातीलाच ध्यानात घ्यावी. ११० हर्ट्झच्या शुद्ध चौकोनी तरंगात २२० हर्ट्झला काहीच नसते, त्यामुळे तेथील अरुंद पट्टा कितीही वाढवला तरी दुसरा हार्मोनिक काही अवतरणार नाही. स्वर पातळ वाटत असेल, तर आधी तरंगाची निवड तपासावी आणि मग इक्वलायझरकडे वळावे.

येथे एक रास्त प्रश्न उपस्थित होतो. सिंथेसायझरमध्ये फिल्टर असतोच, आणि तोही वारंवारतांची छाटणीच करतो. मग वेगळ्या इक्वलायझरची गरज काय? माझ्या मते या प्रश्नाच्या उत्तरातच या विषयाचे मर्म आहे. सिंथेसायझरचा फिल्टर हलता असतो. पट्टी दाबताच तो उघडतो, सोडताच मिटतो, आणि बहुतेक वाद्यांत स्वराच्या उंचीबरोबर वरखाली सरकवण्याचीही सोय असते. इक्वलायझर मात्र एका जागी स्थिर राहतो, आणि हार्मोनिक त्याच्यामधून सरकत जातात. निसर्गातील वाद्यांमध्ये असेच घडते. व्हायोलिनच्या तारेवरील बोट कोठेही गेले तरी लाकडी पेटीचे अनुनाद आपल्या जागेवरून हलत नाहीत.

याचा प्रत्यय स्वतःच्या गळ्यातूनही घेता येतो. एकाच सुरावर आधी ‘आ’ आणि मग ‘ई’ लावावा. स्वरतंतूंच्या कंपनाची गती तीच राहते, बदलते ती मुखपोकळी. प्रौढ पुरुषाच्या ‘आ’मध्ये पहिले दोन अनुनाद साधारण ७०० आणि ११०० हर्ट्झच्या आसपास असतात, तर ‘ई’मध्ये ते ३०० आणि २३०० हर्ट्झच्या जवळ जातात. या अनुनादांना फॉर्मंट म्हणतात. सूर चढवला तरी ‘आ’ हा ‘आ’च ऐकू येतो, कारण फॉर्मंट फारसे जागा सोडत नाहीत. याउलट ध्वनिफीत वेगाने फिरवली की हार्मोनिकांबरोबर फॉर्मंटही वर सरकतात, आणि धिप्पाड माणसाचा आवाजही किरटा होतो.

इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या निर्मात्यांना हे लवकर उमगले होते. १९३० साली बर्लिनमध्ये फ्रीडरिश ट्राउटवाइन यांनी ट्राउटोनियम हे वाद्य सादर केले. त्यात निऑन दिव्याच्या मंडलातून करवती तरंग निघत असे आणि अनुनादी मंडलांतून जाताना त्याला फॉर्मंट मिळत. १९६० च्या दशकातील मूग मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये सुप्रसिद्ध शिडी-फिल्टरच्या (त्या वाद्याच्या हलत्या फिल्टरच्या) जोडीला ‘फिक्स्ड फिल्टर बँक’ हा वेगळा कप्पा मिळत असे. त्याच्या ९१४ क्रमांकाच्या आवृत्तीत निश्चित वारंवारतांचे १२ पट्टे आणि दोन टोकांना दोन फिल्टर होते. हा कप्पा म्हणजे व्यवहारात वाद्याची पेटीच होती, आणि शिडी-फिल्टरच्या कीर्तीपुढे त्याची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतली गेली नाही.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. ११० हर्ट्झचा करवती तरंग घ्यावा आणि ११०० हर्ट्झवर अरुंद पट्टा १२ डेसिबलने वाढवावा. १२ डेसिबल म्हणजे आयाम सुमारे चौपट. अकराशेवर असलेला दहावा हार्मोनिक मूळ स्वराच्या एक दशांश होता, तो आता चार दशांश होतो, म्हणजे तिसऱ्या हार्मोनिकालाही मागे टाकतो. ७०० हर्ट्झभोवती आणखी एक पट्टा वाढवला, तर ६६० आणि ७७० हर्ट्झचे सहावा व सातवा हार्मोनिक उचलले जातात आणि स्वरात ‘आ’काराची छटा येऊ लागते. आता एक सप्तक वर, २२० हर्ट्झवर जावे. अकराशेवर पाचवा हार्मोनिक येतो आणि सातशेजवळ एकटा तिसरा. आणखी एक सप्तक वर, ४४० हर्ट्झवर, हार्मोनिक ४४०, ८८० आणि १३२० वर पडतात, आणि पट्टे अरुंद असल्यास दोन्ही जवळजवळ रिकामे राहतात. म्हणूनच एकाच स्वरावर कान लावून इक्वलायझर जुळवणे धोक्याचे असते. ज्या पल्ल्यात ती चाल वाजणार आहे, तो सगळा पल्ला वाजवून पाहावा, आणि काही स्वर एकदम उसळत किंवा विझत असतील तर क्यू कमी करून पट्टा रुंद करावा. अरुंद पट्ट्याची दुसरी किंमत काळात मोजावी लागते: पट्टा जितका अरुंद, तितका त्याचा अनुनाद अधिक काळ रेंगाळतो, आणि मंद्रातील तुटक स्वरांच्या कडा त्यामुळे बोथट होतात.

आपल्या कानालाही स्वतःचा अनुनाद असतो. बाह्यकर्णाची नलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असून तिचे एक टोक पडद्याने बंद असते, त्यामुळे ती ३००० ते ३५०० हर्ट्झच्या आसपास आवाज उचलून धरते. किंचित बेसूर केलेले अनेक करवती तरंग एकत्र वाजवले, की याच प्रदेशात हार्मोनिकांची दाटी होऊन स्वर टोचू लागतो. तेथे रुंद पट्ट्यावर दोन-तीन डेसिबल कमी केले तरी मोठा दिलासा मिळतो. वाढवण्याआधी घटवून पाहावे, या जुन्या सल्ल्यामागे आणखी एक कारण आहे. जोरात वाजणारी गोष्ट आपल्याला सहज अधिक चांगली भासते, त्यामुळे बदलाआधीचा आणि नंतरचा आवाज समान पातळीवर आणूनच तुलना करावी.

ध्वनी ज्या उपकरणांतून क्रमाने जातो, त्या साखळीतील इक्वलायझरचे स्थानही निर्णायक ठरते. इक्वलायझर आणि डिस्टॉर्शन (तरंगाचा आकार मुद्दाम बिघडवणारा परिणाम) यांची अदलाबदल केली की परिणाम बदलतो, कारण डिस्टॉर्शन नव्या वारंवारता निर्माण करते आणि त्या कशा असतील हे आत येणाऱ्या ध्वनीच्या प्रमाणावर ठरते. स्वरसमूह वाजवताना खालचे स्वर जोरकस असतील, तर डिस्टॉर्शनमध्ये त्यांच्या आणि इतर स्वरांच्या वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्या उमटतात आणि सगळे गढूळ होते. अशा वेळी आधी खालचा भाग इक्वलायझरने घटवावा, मग डिस्टॉर्शन लावावे, आणि गेलेले वजन त्यानंतरच्या दुसऱ्या इक्वलायझरने परत मिळवावे.