स्पार्क प्लग : तपासणी आणि निगा

पेट्रोल किंवा गॅसवर चालणाऱ्या इंजिनात इंधन-हवेचे मिश्रण ठिणगीने पेटवणारा सुटा भाग म्हणजे स्पार्क प्लग. डिझेल इंजिनात तो नसतो, कारण तिथे दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते. एत्येन लन्वार याने १८६० च्या आपल्या वायू-इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती. मोटारींसाठी भरवशाची व्यवस्था १९०२ मध्ये आली, ती बॉश कंपनीतील गोटलोब होनोल्ड याने उच्चदाब मॅग्नेटोला (फिरत्या चुंबकाने वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला) प्लगची जोड दिली तेव्हा.

इग्निशन कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचा दाब हजारो व्होल्टांवर नेते आणि ठिणगी मधल्या व बाजूच्या इलेक्ट्रोडमधली फट ओलांडते. ही फट, म्हणजे ‘गॅप’, बहुतेक मोटारींत ०.७ ते १.१ मिमी असते. ठिणग्यांनी इलेक्ट्रोड झिजतात, गॅप वाढतो, कॉइलवर ताण येतो. त्यातूनच गाडी ‘मिसिंग’ करू लागते, म्हणजे एखाद्या सिलिंडरात मिश्रण अधूनमधून पेटतच नाही : उभ्या गाडीत थरथर, चढावर धक्के, पिकअप मंद. न जळलेले पेट्रोल पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो निकामी करू शकते, म्हणून मिसिंग अंगावर काढू नये.

गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनर मिसिंग होणाऱ्या सिलिंडरचा क्रमांक सांगतो, दोष कोणाचा ते सांगत नाही. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. मिसिंग तिच्याबरोबर सरकले तर कॉइल खराब. जागेवरच राहिले तर प्लग काढावा.

काढलेल्या प्लगचे टोक मात्र बरेच बोलते. फिकट तपकिरी किंवा राखाडी रंग ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. पण गाडी नेहमी जवळच्याच फेऱ्या मारत असली तरी असे होते. टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर तापल्याशिवाय काजळी जळून जात नाही. ओले, तेलकट टोक पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजल्याकडे बोट दाखवते. पांढरेफटक, फोड आलेले टोक अतितापाचे लक्षण आहे. अशा वेळी नुसता प्लग बदलणे म्हणजे दुखणे सोडून पट्टी बदलणे. बाहेरच्या चिनीमातीवरचा तपकिरी पट्टा पाहून गॅस गळतोय असे सांगितले जाते. तो बहुधा उच्च दाबाच्या विद्युतक्षेत्राने खेचलेल्या धुळीचा डाग असतो, आणि त्याने काही बिघडत नाही.

प्लग थंड इंजिनातच काढावेत, कारण ॲल्युमिनियमच्या गरम हेडमधले आटे पाना फिरवताना सोलले जातात. आधी खाचेतली धूळ हवेने उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरात पडते. निकेलच्या प्लगचा गॅप फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाने) मोजून बाजूचा इलेक्ट्रोड हलकेच वाकवून जुळवता येतो. इरिडियमच्या बारीक टोकाला मात्र तारेचा ब्रश लावू नये आणि तिथे पाना टेकवून जोरही देऊ नये. नवा प्लग सुरुवातीला हातानेच फिरवावा. अडला तर आटे तिरके बसताहेत. वॉशर असलेला नवा प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा फेरा पुरतो, तरी टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) असल्यास गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच पाळावा.

निकेलचे प्लग साधारण ३० हजार किलोमीटर, तर इरिडियम-प्लॅटिनमचे सुमारे लाखभर किलोमीटर टिकतात. चिनीमातीला तडा गेलेला प्लग कितीही नवा असला तरी टाकून द्यावा.